मावशीने बुजवलेली भेग

मी मावशीकडे राहायला गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. नर्सिंगचं कॉलेज तिच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होतं, आणि आईच्या मते होस्टेलपेक्षा सख्ख्या बहिणीचं घर केव्हाही बरं. पहिल्याच सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात गेले, तर मावशी सिंकखाली उताणी पडलेली. बाहेर नुसते पाय. मी किंचाळणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "उठलीस? तो लांब दांड्याचा पाना दे. आणि चहा झाकून ठेवलाय, निवायच्या आत घे."

मी पाना दिला. थोड्या वेळाने ती सरपटत बाहेर आली. केसांना जळमटं, कोपरापर्यंत काळं. तिने नळ सोडला, खालच्या पाइपावरून बोट फिरवलं, बोट कोरडं आलं तशी स्वतःशीच हसली.

"प्लंबरला का नाही बोलावलंस?" मी विचारलं.

"प्लंबर आला की जिन्यात भेटेल त्याच्याशी गप्पा मारणार. मग घरमालकांच्या कानावर जाणार. कशाला उगाच?"

मला त्यात लपवण्यासारखं काय आहे तेच कळेना. पण नव्या घरात पहिल्या दिवशी किती प्रश्न विचारायचे, म्हणून गप्प बसले.

मावशी एका छापखान्यात बाइंडिंगला होती. छापून आलेले मोठाले कागद घडी घालायचे, घड्या क्रमाने लावायच्या, शिवायच्या, पाठीला सरस लावायचा, वर पुठ्ठा चढवायचा. एकोणतीस वर्षं हेच काम. एक घडी उलटी लागली तर अख्खं पुस्तक वाया, त्यामुळे तिच्या हातांना घाई ठाऊकच नव्हती. तिथलं शिवायचं यंत्र अडलं की बाकीचे मेकॅनिकची वाट बघत बसायचे आणि ही तोवर झाकण उघडून आत डोकावलेली असायची. मेकॅनिक तिला म्हणे एकदा म्हणाला होता, "बाई, माझ्या पोटावर पाय देऊ नका." हा किस्सा ती वर्षातून दोनदा तरी सांगायची आणि दर वेळी तितकीच हसायची.

घर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला लांबट गॅलरी. खाली चष्म्यांचं दुकान. दुकान चालवणारे चष्मेवाले म्हातारे होते. गिऱ्हाईक नसलं की दुकानाबाहेर पायरीजवळ स्टुलावर बसून पेपर वाचायचे. त्यांच्या डोक्यावर बरोबर आमची गॅलरी, म्हणजे ते आमच्या सावलीत बसायचे.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की या घरातली मावशीचा हात न लागलेली वस्तू शोधावी लागेल. न्हाणीघरातल्या सहा फरशा तिने बसवलेल्या. खिडकीची बिजागरी तिची. स्वयंपाकघराच्या भिंतीचा खालचा पट्टा, जिथे ओल धरून पोपडे यायचे, तो ती दरवर्षी खरवडून पुन्हा करायची. दिव्यांची दोन बटणंसुद्धा तिने बदललेली. हार्डवेअरच्या दुकानात ती गेली की दुकानदार गल्ल्यावरून उठून यायचा. "या मिस्त्रीणबाई, आज काय पाडलंय?" असं त्याचं स्वागत. मावशीला ते नाव आवडायचं, पण ती तसं दाखवायची नाही.

हे सगळं ती स्वतःच का करते, ते मला पावणेदोन वर्षांनी कळलं. ती दाराची चौकट घासत होती, मी अभ्यास करत होते, आणि मध्येच तिने आपण होऊन सांगायला सुरुवात केली.

मावशीचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं. त्यावर आमच्या घरी कोणी बोलायचं नाही, त्यामुळे तेवढंच मला माहीत होतं. त्यानंतर तिने एकटीने जी पहिली खोली घेतली, तिचं छत गळायचं. बरोबर पलंगावर. तिने पलंग सरकवला तर पाणीही सरकलं. तिने घरमालकिणीला सांगितलं. पंधरा दिवसांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्या बाई दारातूनच म्हणाल्या, "एकट्या जिवाला एवढं काय लागतं हो? नसेल जमत तर दुसरीकडे बघा." आणि त्या नुसतं बोलून थांबल्या नाहीत. महिन्याभरात खोली रिकामी करून घेतली.

"मग?"

"मग काय. 'एकट्याच का? घरचे कुठे असतात?' जिथे जाईन तिथे हेच. चार महिने छापखान्यातल्या एका बाईच्या स्वयंपाकघरात झोपले. तिच्या नवऱ्याला पहाटे पाणी प्यायला यायची सवय. तो आला की मी झोपल्याचं सोंग घ्यायची आणि तो मला न बघितल्याचं." तिने पॉलिशपेपर उलटा केला. "हे घर मिळालं तेव्हाच ठरवलं. मालकाला आपली आठवणच येता कामा नये."

आमच्या घरमालकांना सगळे नाना म्हणत. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि निवृत्त झाले होते. ही दोन मजली इमारत त्यांना निपुत्रिक काकांकडून मिळालेली. खाली चष्मेवाले, वर मावशी, त्याच्या वरती एक कुटुंब. नाना स्वतः दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. माणूस सज्जन, पण घर ही वस्तू सांभाळावी लागते हे त्यांच्या गावीही नव्हतं. मावशीच्या करारात एक वाक्य होतं: किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी, मोठी मालकाने. किरकोळ कुठे संपतं आणि मोठं कुठे सुरू होतं ते कोणी लिहिलं नव्हतं, आणि दोघांपैकी कोणी विचारलंही नव्हतं. मावशीने आपल्यापुरता अर्थ लावून टाकला. आपल्याला जे जमेल ते किरकोळ. आणि तिला न जमणारं फार थोडं होतं.

महिन्यातून एकदा नाना यायचे. दारालगतच्या खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे, छापखान्याची चौकशी करायचे. उठताना विचारायचे, "बाकी काही?"

"काही नाही नाना. सगळं छान आहे."

"वा!" म्हणून ते निघायचे. पुढे कोणाकडे भाडेकरूंचा विषय निघाला की आमच्या मावशीचं उदाहरण द्यायचे. तेरा वर्षांत एक तक्रार नाही! हे मावशीच्या कानावर आलं की ती दोन दिवस खुशीत असायची.

गॅलरीची भेग मी येण्याआधीपासून होती. बाहेरच्या कडेला, स्लॅबच्या खालच्या अंगाला. गॅलरीत उभं राहून ती दिसायची नाही, जमिनीशी वाकून हात बाहेर घातला तर लागायची. मावशीला ती दिसली होती रस्त्यावरून, भाजी घेऊन येताना. पहिल्या वर्षी तिने सिमेंट कालवलं, पोटावर पालथी पडून कठड्याच्या पाणी जायच्या भोकातून हात बाहेर काढला आणि अंदाजाने थापीने भरलं. वर पांढरा रंग. वर्षभराने त्याच जागी तपकिरी डाग आला आणि रंग फुगला. तिने पोपडा काढला, पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला मी तिच्याशेजारी बसून थापी हातात देत होते. तिच्या हातात ढेकूळ आलं, आणि त्याला चिकटून गंजाचा एक पापुद्रा. बोटात धरला तर भुगा झाला.

तो भुगा कागदात गुंडाळून ती हार्डवेअरवाल्याकडे घेऊन गेली. मीही होते. त्याने कागद उघडला आणि त्याची नेहमीची थट्टा बंद झाली.

"ही सळई आहे मिस्त्रीणबाई. आतली. वरून लिंपून काही होणार नाही. हे तुमचं काम नाही आणि माझ्या दुकानातही याचं औषध नाही. मालकांना सांगा."

"सांगते," मावशी म्हणाली. आणि एक किलो सिमेंट मागितलं.

त्याने दिलं, पण तिच्याकडे बघत राहिला.

घरी येताना मी म्हटलं, "मावशी, नानांना सांगूया ना. ते काय आपल्याला खातात?"

"नाना नाही खात. पण काम मोठं निघालं की घर रिकामं करायला सांगतात, आणि रिकामं झालेलं घर परत त्याच बाईला कोणी देत नाही. तुझं शेवटचं वर्ष आहे. एवढं होऊन जाऊ दे."

म्हणजे माझं नाव पुढे आलं. मला ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोलू? परीक्षेच्या तोंडावर घर बदलायला कोणाला हवंय? मी पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या वेळी नाना आले, चहा प्यायले आणि "बाकी काही?" म्हणाले, तेव्हा मी समोर बसले होते. मावशीने मान हलवली, मी वहीत डोकं घातलं.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, आवाज झाला. फार मोठा नव्हता. वरून कोणी भरलेलं पोतं टाकावं तसा. मावशी भांडी पुसत होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं आणि ती म्हणाली, "गॅलरी."

मी धावत खाली गेले. गॅलरीच्या कडेचा हातभर लांबीचा तुकडा पायरीवर येऊन पडला होता. त्याच्याखाली चष्मेवाल्यांच्या स्टुलाचे चार पाय चार दिशांना पसरलेले. पेपर मधोमध फाटलेला.

"काका!" मी ओरडले.

"अगं आहे, आहे," दुकानातून आवाज आला. म्हातारे बाहेर आले. हातात चष्मा. "वाचायचा चष्मा आतच राहिला होता, तो शोधत होतो. एवढ्या चष्म्यांत माझाच सापडत नव्हता." मग त्यांची नजर स्टुलावर गेली. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना उभं राहवेना. मी त्यांना धरून पायरीपासून लांब नेऊन बसवलं, नाडी बघितली. नर्सिंगची तीन वर्षं मी पुतळ्यांच्या आणि पेशंटांच्या नाड्या बघत आले होते, पण त्या दिवशी त्यांच्यापेक्षा माझीच जास्त पळत होती.

मावशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. खाली उतरत नव्हती. तुकड्याच्या कडेला तिने भरलेलं सिमेंट दिसत होतं. वेगळ्या रंगाचे तीन थर, एकावर एक.

तासाभरात नाना आले. दुपारपर्यंत त्यांच्या ओळखीचा एक इंजिनिअर आला. तरुण होता, पण कमी बोलणारा. त्याने शिडी लावली, छोट्या हातोडीने स्लॅबवर टकटक केलं, कान लावून ऐकलं, दोन ठिकाणी खडूने खुणा केल्या. मग खाली येऊन पडलेला तुकडा उलटा केला आणि त्या थरांवर बोट ठेवलं.

"हे कोणी भरलंय?"

नाना म्हणाले, "माझ्या काकांच्या वेळचं असेल. जुनी इमारत आहे."

"जुनं नाही हे. शेवटचा थर दोन महिन्यांच्या आतला आहे."

नानांनी वरच्या मजल्याकडे पाहिलं. वरचे लोक खिडकीत उभे होते. आणखी एक मिनिट गेलं असतं तर संशय त्यांच्यावर गेला असता. पण मावशी शेवटची पायरी उतरून पुढे आली.

"मी भरलंय. तीनदा. मला माहीत होतं."

नाना तिच्याकडे बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ते अगदी हळू म्हणाले, "मी दर महिन्याला विचारत होतो हो."

"विचारत होतात," मावशी म्हणाली. ती चष्मेवाल्यांकडे वळली, त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. म्हातारे अजून चष्मा पुसत होते. "नशीब तुमचंही आणि माझंही," ते म्हणाले. "आता रडू नका, मला रडणारं गिऱ्हाईक चालत नाही, नंबर चुकतो."

संध्याकाळपर्यंत गॅलरीखाली लाकडी टेकू लागले आणि गॅलरीच्या दाराला आडव्या फळ्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मावशी छापखान्यातून येताना रिकामे खोके घेऊन आली. न बोलता कपाटातली पुस्तकं त्यात भरायला लागली.

"हे काय?"

"जायला सांगितल्यावर धावाधाव नको. आधीच बांधून ठेवलेलं बरं."

नाना बुधवारी आले. बरोबर इंजिनिअर आणि नानांची बायको. त्यांना आम्ही काकू म्हणायचो, पण आजवर त्या कधी वर आल्या नव्हत्या. नाना सवयीने दारातल्या खुर्चीत बसायला गेले. काकू म्हणाल्या, "तिथे नका बसू. आत चला. आज सगळं घर बघायचंय." मग त्यांनी खोके पाहिले. "कुठे निघालात?"

मावशीने खोक्याचं झाकण मिटलं.

"कोणी जायला सांगितलं तुम्हाला? यांनी?" त्यांनी नानांकडे बोट केलं.

"मी एक शब्द बोललो नाही," नाना घाईने म्हणाले.

"तेच तर. तुम्ही कधीच काही बोलत नाही, आणि या कधीच काही सांगत नाहीत. छान जोडी जमली."

मग मावशीला खोली-खोलीतून सगळं सांगावं लागलं. तिच्यासाठी ते कबुलीजबाबासारखं होतं. ही बिजागरी मी बदलली. हा पाइप मी कापला. ही ओल दरवर्षी येते, मी खरवडते. पहिल्या खोलीत तिचा आवाज ऐकू येत नव्हता. न्हाणीघरापर्यंत येता येता जरा मोकळा झाला. इंजिनिअर फरशीवर बसून सांध्यांवरून नख फिरवत होता.

"या कोणी बसवल्या?"

"मीच. चुकलंय का काही?"

"नाही. आमचा गवंडी इतकी सरळ रेघ धरत नाही. तो येईल त्याला दाखवेन." मावशीचे कान लाल झाले.

पण पुढच्या खोलीत त्याने दिव्याच्या बटणाचं झाकण उघडलं आणि उघडल्या उघडल्या मेन स्विच बंद करायला धावला. आतली एक वायर सैल होती आणि तिचं टोक काळं पडलं होतं. "हे मात्र परत करू नका," तो म्हणाला. एवढंच. मावशी खाली बसली. त्या बटणाला मी दिवसातून दहादा हात लावत होते.

ओलीच्या भिंतीपाशी नाना बराच वेळ उभे होते. हात लावून बघत होते. मग वळून म्हणाले, "एक सांगू का? तुम्ही 'काही नाही' म्हणायचात ना, ते मला बरं वाटायचं. खरंच काही नाही का, हे आत येऊन बघावं असं एकदाही मनात आलं नाही. नव्हे, आलं असेल. मी येऊ दिलं नाही." ते भिंतीकडेच बघत बोलत होते. "चष्मेवाल्यांना काही झालं असतं तर मी काय सांगितलं असतं? भाडेकरूने कळवलं नाही? छत माझं आहे."

"आणि कळवायचं माझ्याकडे होतं," मावशी म्हणाली. "तुमचं राहिलं म्हणून माझं सुटत नाही. पण मला वाटलं, सांगितलं की घर जाईल."

"असं कसं वाटलं तुम्हाला?"

"गेलंय ना एकदा."

मग तिने गळक्या छताची ती गोष्ट त्यांना सांगितली. काकू शेवटपर्यंत उभ्या होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी एक खोका उचलला आणि त्यातली पुस्तकं परत कपाटात लावायला लागल्या. उलटसुलट लावत होत्या. मावशीच्याने बघवलं नाही, ती उठून मदतीला गेली.

त्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून त्यांनी वाटणी केली. नळाचा वायसर, बल्ब, कडीकोयंडा, तुंबलेली मोरी हे मावशीचं. भिंत, छत, वायरिंग, भिंतीतले पाइप हे नानांचं. आणि दिसलेली गोष्ट, कोणाच्याही वाटणीची असो, आठवड्याच्या आत सांगायची. इंजिनिअर म्हणाला, लिहून ठेवा. नानांनी लिहिलं. दोघांनी सह्या केल्या.

इथे गोष्ट संपली असती तर चांगलं झालं असतं, पण कागदावर सही करणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. गवंडी आले, गॅलरीचा सडलेला भाग तोडून टाकला, चार दिवस धूळ खाऊ घातली आणि नाहीसे झाले. एक आठवडा गेला. दोन गेले. दाराला फळ्या, त्यापलीकडे काहीच नाही, नुसत्या बाहेर आलेल्या सळ्या. फटींतून धूळ यायची. कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून खुर्च्यांच्या पाठींवर ओले टॉवेल. मावशी रोज म्हणायची, "येतील. नानांच्या लक्षात असेल."

तिसऱ्या आठवड्यात मी तिला कपाटातून थापी काढताना पकडलं.

"मावशी!"

"फटीच बुजवतेय गं. दाराच्या."

"फोन कर."

"आत्ताच तर एवढं सगळं झालं. लगेच मागे लागल्यासारखं..."

"फोन कर, नाहीतर मी करते."

ती थापी घेऊन बराच वेळ बसली. मग तिने छापखान्यातला एक वाया गेलेला कागद घेतला आणि काय बोलायचं ते त्यावर लिहिलं. नाना, नमस्कार. त्रास देते, क्षमा करा. हे खोडलं. नाना, नमस्कार. गॅलरीचं काम तीन आठवडे बंद आहे. मी म्हटलं, हेच बरोबर आहे, आता थांब. तिने फोन लावला. पलीकडून नानांचा आवाज मला ऐकू येत होता. झोपेतून उठल्यासारखा, वैतागलेला.

"अहो, गवंडी दुसरीकडे अडकलाय. येईल की. गॅलरीविना काही अडलंय का? एवढ्यासाठी..."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. कागदावर याचं उत्तर नव्हतं. मला वाटलं, आता ती म्हणणार, काही नाही नाना, सावकाश. तिने ओठ उघडले, मिटले. मग म्हणाली, "हो नाना. एवढ्यासाठीच. सळ्या उघड्या आहेत, परत गंजतील. आणि माझे टॉवेल वाळत नाहीत."

"टॉवेल," नाना म्हणाले.

"हो."

"बरं. उद्या येतो."

फोन ठेवल्यावर तिच्या तळहाताला इतका घाम होता की तिने तो पदराला पुसला. मग तीच हसायला लागली. "टॉवेल कुठून आले गं मध्येच?" त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरली.

नाना खरंच दुसऱ्या दिवशी आले, गवंड्याला जवळजवळ हाताला धरूनच घेऊन. जरा घुश्शात होते. मावशीने दार उघडल्यावर फक्त "चला, बघू" म्हणाले. पण आत आल्यावर फळ्यांमधून त्यांनी बाहेर पाहिलं, वाळत टाकलेले टॉवेल पाहिले, आणि त्यांचा आवाज खाली आला. त्यानंतर काम थांबलं नाही. नव्या सळ्या आल्या, स्लॅब भरला, त्याच्यावर ओली पोती अंथरली. ती ओली ठेवायचं काम मावशीने मागून घेतलं. सकाळी छापखान्यात जायच्या आधी आणि आल्यावर, बादलीभर पाणी. गवंडी म्हणाला, इतकं मनापासून पाणी त्याच्या स्वतःच्या घरच्या स्लॅबलाही कोणी घातलं नव्हतं.

चष्मेवाल्यांना नानांनी नवं स्टूल आणून दिलं. त्यांनी ते दोन पावलं पलीकडे, उन्हात ठेवलं. "विश्वास आहे," ते मावशीला म्हणाले, "पण सवय मोडली."

माझी परीक्षा त्याच महिन्यात झाली. मी पास झाले, दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात लागले आणि मावशीकडून निघाले. निघायच्या आदल्या आठवड्यात नाना एक कोरं पाकीट आणि पेन्सिल घेऊन आले. कठडा बांधायचा राहिला होता.

"कसा हवा?" त्यांनी विचारलं.

मावशीला प्रश्नच कळला नाही. "होता तसाच करा की. विटांचा."

"तसाच का? नवीनच करायचाय. विटांचा हवा, सळ्यांचा हवा, किती उंच हवा, तुम्ही सांगा. राहता तुम्ही."

मावशीने कठड्याच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिला मोजून पावणेपाच फूट उंची होती आणि जुना कठडा तिच्या गळ्यापर्यंत यायचा. खुर्ची टाकून बसली तर तिला समोर विटा दिसायच्या, त्यामुळे ती गॅलरीत कधी बसतच नसे. कपडे वाळत घालायचे आणि आत यायचं. तेरा वर्षं तिने रस्ता पाहिला तो उभं राहून, तोही टाचा उंचावून.

"सळ्यांचा," ती शेवटी म्हणाली. "बसल्यावर दिसेल असा."

"काय दिसेल असा?"

"काही नाही हो. रस्ता."

नानांनी पाकिटाच्या मागे चित्र काढलं. उभ्या सळ्या, मधून हात जाईल पण मूल जाणार नाही इतक्या अंतरावर, वर लाकडी पट्टी. बाजूला एक खुर्ची काढली आणि खुर्चीत, शिक्षकाच्या सवयीने, एक छोटी बाई. मावशीने ते पाकीट उचलून नीट बघितलं.

"पट्टी थोडी रुंद करता येईल का?" तिने विचारलं. "कप ठेवता येईल एवढी?"

नानांनी रबराने रेघ पुसली आणि नवी ओढली.